बावीपासून दावणीपर्यंत : मालवण किनाऱ्यावरच्या गोठ्यांची पाण्याची लाइन



पाइपलाइन ही काय चीज आहे हे आपल्याला कुणी शिकवायला नको. नदीचे पाणी उचलून माळावर नेणारी आणि तिथे ऊस उभा करणारी आपली माणसे. उपसा योजनेची लाइन फुटली की त्या रात्री कुणी झोपत नाही. टिकाव, फावडी, बॅटऱ्या घेऊन निम्मा गाव शेतात असतो. पण त्याच सभासदाच्या गोठ्यात जाऊन पाहावे. इंची पाइपाला दोन ठिकाणी सायकलची ट्यूब गुंडाळलेली, नळाखाली बारमाही चिखल, हौदाचा बॉल कॉक दोरीने बांधून ठेवलेला. उसाच्या पाण्याला जो मान आहे तो म्हशीच्या पाण्याला नाही. वास्तविक गाईच्या दुधात शंभर भागांत सुमारे ८७ भाग आणि म्हशीच्या दुधात ८२-८३ भाग पाणीच असते. जे जनावराच्या पोटात गेले नाही ते किटलीत कुठून येणार?

या अंकात हा विषय आम्ही मालवण किनाऱ्याच्या निमित्ताने घेतला आहे. घाटाखाली वैभववाडी भागात होणारा ऊस घाट चढून वर येतो, आणि वरच्या म्हशी घाट उतरून खाली जातात. सोयरीक आहेच. शिवाय पाण्याच्या लाइनची हयगय झाली तर काय होते ते किनाऱ्यावर जितके लख्ख दिसते तितके वर दिसत नाही. आपल्याकडे गळका पाइप म्हणजे वाढीव वीजबिल. मालवणला तोच गळका पाइप विहीर खारी करून ठेवतो. आमचा सारा मुद्दा या एका वाक्यात आहे. तो कसा, ते सांगतो.

मालवणच्या समुद्रात कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्ग बांधला. १६६४ साली काम सुरू झाले आणि १६६७ साली पुरे झाले. चारी बाजूंनी खारा समुद्र, आणि आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. त्यांची नावे दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. साखर कारखान्याच्या सभासदाला यापेक्षा जवळची नावे कुठली मिळणार? त्या मुलखात विहिरीला 'बाव' म्हणतात. गोड पाण्याच्या बावीला लोकांनी दुधा-साखरेची नावे दिली, त्यावरून खाऱ्या किनाऱ्यावर त्या पाण्याची किंमत काय होती ते समजावे.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात पाऊस साधारण ३००० मिलिमीटर पडतो. आपल्या पूर्व भागातील सभासदाला हा आकडा ऐकून हेवा वाटेल. पण खाली जमीन जांभ्याची. जांभा म्हणजे मोठा स्पंजच. पाणी झटकन घेतो आणि उताराने ओढ्या-खाडीला झटकन सोडूनही देतो. शिमगा झाला की बावींचा तळ दिसायला लागतो, आणि अक्षय्य तृतीयेच्या सुमारास किनाऱ्यालगतच्या वाडीत तक्रार ऐकू येते : "बावीचा पाणी मचूळ झाला."

मचूळ का होते? गोडे पाणी हलके, खारे पाणी जड. गोड्या पाण्याचे वजन हजार धरले तर समुद्राच्या पाण्याचे हजार पंचवीस. त्यामुळे किनाऱ्याच्या जमिनीखाली मुरलेले पावसाचे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते, दुधावर साय धरावी तसे. इसवी सन १९०० च्या आगेमागे गायबेन नावाच्या डच आणि हर्झबर्ग नावाच्या जर्मन माणसाने याचा हिशेब मांडला. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी जितकी, तिच्या सुमारे चाळीसपट खोल गोड्या पाण्याचा थर खाली असतो. आता हाच हिशेब उलटा करा. उपसा करून पातळी एक फूट खाली आणली, तर खालचे खारे पाणी चाळीस फूट वर चढू बघते. हा ठोकताळा आहे. खडकाच्या भेगा, खाडीचे अंतर, उपशाचा वेळ यांनी फरक पडतो. पण दिशा तीच. म्हणून किनाऱ्यावरच्या बावीचे पाणी थोडे थोडे, अंतराने उपसावे असे जुने लोक सांगत, त्यामागे शास्त्र होते. मोटर लावून एका दमात तळ गाठला की गोड पाण्याची साय फाटते. ती पुन्हा धरायला पुढचा पावसाळा यावा लागतो, आणि कधी एका पावसाळ्यात भागतही नाही.

आता हिशेब गळतीचा. लाइनला तीन मिलिमीटरचे एक भोक आहे असे धरा. आगकाडीच्या जाडीपेक्षा थोडेसे मोठे. कोकणात घर उतारावर असते. टाकी वरच्या अंगाला आणि गोठा तीस-पस्तीस फूट खाली, हे नेहमीचे चित्र. एवढ्या दाबाला त्या भोकातून मिनिटाला सुमारे साडेतीन लिटर पाणी जाते. लाइन रात्रंदिवस भरलेली असेल तर चोवीस तासांत ५००० लिटर. दहा दुभत्या म्हशींच्या गोठ्याला पिण्यासाठी दरडोई ७० आणि धुण्यासाठी ५० लिटर धरले, तरी दिवसाला १२०० लिटर पुरतात. म्हणजे दावणीला म्हशी दहा, आणि न दिसणाऱ्या आणखी चाळीस म्हशी त्या एका भोकातून पाणी पीत आहेत! टाकी रिकामी होते, मोटर पुन्हा चालू करावी लागते, आणि मालक म्हणतो, "उन्हाळा फार आहे, जनावरं पाणी जास्त पितात."

आपल्या काळ्या रानात पाइप गळला तर वर ओल येते, गवत हिरवे दिसते, पाय रुततो. जांभ्यात तसे काही होत नाही. पाणी खालच्या खाली जाते, वर धूळ तशीच. 'कुठंतरी पाणी मुरतंय' ही म्हण आपण माणसांबद्दल वापरतो. इथे ती शब्दशः खरी आहे. पूर्वी कोकणात बावीवरच्या लाटेने पाणी काढून पोफळीच्या पोखरलेल्या खोडांच्या पन्हळींतून बागेत नेत. पन्हळ गळली की लगेच दिसायची, चालता चालता पोर शेणामातीने ती लिंपून टाकायचे. पाइप जमिनीत गेला आणि गळती नजरेआड झाली. पाइप वाईट असे आमचे म्हणणे नाही. नजरेचे काम आता मापाने करावे लागते, इतकेच.

ते माप अगदी सोपे आहे आणि त्याला पैसा लागत नाही. रात्री शेवटचे पाणी पाजून झाले की हौदाचे बॉल कॉक बांधून बंद करावेत, सगळे नळ बंद आहेत हे पाहावे, आणि टाकीतल्या पाण्याच्या पातळीला खडूने किंवा चिकटपट्टीने खूण करावी. मोटर सुरू करू नये. पहाटे धारेला उठाल तेव्हा खूण पाहा. हजार लिटरची गोल टाकी साधारण १.१ मीटर रुंद असते. तिच्यात एक सेंटिमीटर पाणी उतरले म्हणजे अंदाजे १० लिटर गेले. रात्रभरात बोटभर उतरले तर एखादा वायसर बदलून भागेल. वीतभर उतरले तर जमीन उकरायची तयारी करावी. कुठे उकरायची हे कळण्यासाठी प्रत्येक फाट्यावर एक व्हॉल्व्ह हवा. एक रात्र घराचा फाटा बंद, एक रात्र गोठ्याचा, एक रात्र बागेचा. तीन-चार रात्रींत चोर सापडतो. ज्यांच्या लाइनला मधे एकही व्हॉल्व्ह नाही, टाकीपासून टोकापर्यंत सगळे एकच आतडे आहे, त्यांनी दुरुस्तीच्या आधी व्हॉल्व्ह बसवावेत. शंभर फूट चर खणण्याच्या मजुरीपेक्षा ते स्वस्त पडते.

पाणी खारावले की नाही हे जिभेवर सोडू नये. जीभ सवयीची असते; रोज थोडे थोडे वाढणारे खारेपण तिला कळत नाही. लिटरमध्ये विरघळलेले क्षार १००० मिलिग्रॅमपर्यंत असतील तर पाणी जनावरांना चांगले. ३००० पर्यंत चालते, मात्र नवे जनावर सुरुवातीला पातळ शेण टाकते. ५००० च्या पुढे दुभत्या आणि गाभण जनावराला देऊ नये, आणि ७००० च्या पुढे तो धोकाच. समुद्राच्या पाण्यात हा आकडा सुमारे ३५,००० असतो. म्हणजे शंभर लिटर गोड पाण्यात तीन लिटर समुद्र मिसळला की पहिली पायरी ओलांडली. फेब्रुवारीत एकदा आणि मेमध्ये एकदा बाटलीभर पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. दोन आकड्यांतला फरक बावीची प्रकृती सांगतो.

आता पाइपाकडे वळू. किनाऱ्यावर लोखंडी पाइप, गॅल्व्हनाइज्ड असला तरी, लवकर जातो. बाहेरून खारी हवा खाते. जांभ्यातले पाणी बहुधा मऊ आणि किंचित आम्लधर्मी, ते आतून खाते. गोठ्याच्या जमिनीत मूत्र-शेणाची ओल बसते ती वेगळीच. आटे पाडलेल्या जागी पत्रा पातळ झालेला असतो, म्हणून गळती नेहमी सांध्याशी सुरू होते. पीव्हीसीला गंज नाही, पण त्याला ऊन सोसत नाही. उघड्यावर दोन-चार उन्हाळे काढलेला पाइप पांढुरका पडतो, आणि मग वासराची लाथही त्याला पुरते. त्यामुळे जमिनीत पीव्हीसी, उघड्यावर काळा एचडीपीई, आणि दावणीजवळ जिथे जनावराचा पाय किंवा शिंग लागते तिथे पीव्हीसीवर लोखंडी पाइपाचे चिलखत, ही वाटणी आम्हाला सगळ्यांत योग्य वाटते. पीव्हीसी घेताना त्यावर छापलेला दाब वाचावा. अडीच, चार, सहा, आठ, दहा किलो अशा प्रती आहेत. तेहतीस फूट उंची म्हणजे एक किलो दाब. टाकीखालच्या लाइनला चार किलोचा पाइप हिशेबात पुरतो, पण वरून गाडी-बैल जाणार असतील तर सहा किलोचाच घ्यावा. चर दोन-अडीच फूट खोल असावा आणि पाइपाच्या खाली-वर चाळलेली मऊ माती घालावी. जांभ्याचे टोकदार तुकडे तसेच लोटले तर ते वर्ष-दोन वर्षांत पाइपात रुततात. भोकाचे सर्वांत मोठे कारण तेच. आणि काटकसर म्हणून बारीक पाइप टाकू नये : व्यास निम्मा केला की तेवढ्याच पाण्याला घर्षण जवळजवळ तीसपट होते.

दुरुस्तीच्या पद्धतींबद्दल थोडे कडक बोलणे भाग आहे. पाइपाचे तोंड विस्तवावर तापवून फुगवायचे आणि दुसरा पाइप त्यात कोंबायचा, हा प्रकार घाटावर आणि खाली सर्रास चालतो. तापवून फुगवलेली जागा पातळ होते, आणि दाबाला पहिली तीच उकलते. कपलर चार पैशांचा असतो, तो आणावा. कपलर बसवताना पाइप काटकोनात कापावा, कापलेली कड कानशीने साफ करावी, दोन्ही भाग कोरड्या फडक्याने पुसावेत, दोन्हींना सोल्यूशनचा पातळ हात द्यावा, किंचित पिळत शेवटपर्यंत ढकलावे आणि अर्धा मिनिट धरून ठेवावे. ओल्या पाइपाला सोल्यूशन धरत नाही. इथेच बहुतेकांची फसगत होते, कारण व्हॉल्व्ह बंद केला तरी वरून थेंब थेंब येतच राहतो. अशा वेळी पावाच्या आतल्या मऊ भागाचा बोळा पाइपात सरकवावा. तो पाणी तेवढा वेळ धरतो आणि नंतर विरघळून टोकाच्या नळातून निघून जातो. जोडानंतर लगेच मोटर लावू नये; रात्रीचा जोड सकाळी तपासावा.

लोखंड आणि प्लॅस्टिक जिथे भेटतात तो सांधा सर्वांत नाजूक. लोखंडी निपल प्लॅस्टिकच्या आतल्या आट्यांत पाना लावून पिळले की प्लॅस्टिक हमखास चिरते, आणि ती चीर त्या दिवशी दिसत नाही, महिन्याने गळते. बाहेरून आटे असलेला प्लॅस्टिकचा तुकडा लोखंडी सॉकेटात बसवावा, नाहीतर आत पितळी आटे असलेला जोड घ्यावा. हाताने घट्ट आणि वर एक फेरा, बस्स. टेफ्लॉन टेप आटे फिरतात त्याच दिशेने गुंडाळावी. सुतळी आणि सफेदा-शेंदूर ही जुनी रीत जनावरांच्या लाइनला नकोच. शेंदूर म्हणजे शिशाचाच क्षार, आणि जुन्या सफेद्यातही शिसे असते. जनावराला चाटायची खोड. शिशाच्या विषबाधेने गुरे आंधळ्यासारखी धडकतात, दात खातात, झटके येऊन पडतात.

आणखी एक धोका आहे, तो गळतीपेक्षा मोठा आणि फार कमी लोकांच्या ध्यानात येणारा. गोचीड मारण्याचे औषध कालवायला पिपात नळाचा रबरी पाइप बुडवून ठेवतात आणि आपण दुसऱ्या कामाला जातो. तेवढ्यात लाइट जाते, मोटर थांबते, पाणी मागे फिरते. उतारावरच्या लाइनमध्ये पाणी मागे फिरताना पोकळी तयार होते आणि ती पोकळी पिपातले औषध ओढून घेते. संध्याकाळी तेच पाणी हौदात, क्वचित घरातल्या हंड्यातही! पाइपाचे तोंड पिपाच्या काठापासून चार बोटे वर टांगावे; हवेला जागा राहिली की ओढ बसत नाही. हौदाचा बॉल कॉकही पाण्यात बुडालेला नसावा, पाण्याच्या वर असावा. मोटरच्या पुढे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवावा. अचानक लाइट गेल्यावर परतणाऱ्या पाण्याचा दणका मोटरला आणि सांध्यांना बसतो, तोही त्याने वाचतो. विहिरीतला फूट व्हॉल्व्ह, ज्याला आपल्यातले बरेच जण खुशाल 'फुटबॉल' म्हणतात, त्याची चामडी झडप वर्षातून एकदा पाहिली तर रोज सकाळी पंपात बादलीने पाणी ओतायची कटकट जाते.

म्हैस पाणी पिते ती एका दमात, मिनिटाला दहा ते वीस लिटर. तिच्या तोंडाशी नळ किती वेगाने वाहतो याला महत्त्व नाही, हौद भरलेला आहे की नाही याला आहे. धार काढल्यावर लगेच ती सर्वांत जास्त पिते. वाळलेला कडबा किंवा सुकलेले वाढे खाल्ले असतील तर किलोमागे तीन ते पाच लिटर पाणी तिला हवेच. आणि ते पाणी गरम नको. सड्यावरच्या कातळावरून उघडा नेलेला काळा पाइप मे महिन्यात दुपारी किती तापतो ते हात लावून पाहावे. तसले पाणी हौदात आले की म्हैस तोंड लावून मागे होते. मालक म्हणतो चारा बदलायला हवा. चारा तोच ठेवून पाइपावर झावळ्या टाकल्या तरी फरक पडतो. घाटावरून नेलेल्या पंढरपुरी किंवा मुऱ्हा म्हशीला हे जास्त लागू, कारण तिचे दूधही जास्त आणि तिला उष्मा सोसतही नाही. तिथली मूळची कोकण कपिला गाय अंगाने लहान, थोड्यात भागवणारी. तिच्या मापाने म्हशीचा हौद बांधू नये.

मालवण तालुक्यातच धामापूरचा तलाव आहे. १५३० साली मांडलिक नागेश देसाई यांनी तो बांधला. जागतिक सिंचन आयोगाने २०२० साली त्याला सिंचन वारशाचा मान दिला. दोन डोंगरांमधली दरी मातीच्या बांधाने अडवलेली, आणि ते पाणी शेतीला व पुढे नळाने मालवण शहरालाही गेले. इतकी शतके तो बांध टिकला. पण सगळ्या गोठ्यांना धामापूर जवळ नाही. किनाऱ्यालगत ज्याची त्याची बाव, आणि बावीची पातळी ज्याच्या त्याच्या लाइनवर अवलंबून. शेजाऱ्याच्या गळतीने आपली बाव खारी होऊ शकते, हे तर आणखी अवघड. उपसा योजनेत आपण पाळ्या ठरवतो तशा वाडीतल्या मोटरींच्या पाळ्या एप्रिल-मेपुरत्या ठरवल्या, सगळ्यांनी एकाच वेळी उपसा केला नाही, तर बावींना भरायला उसंत मिळेल. हे काम कुणा एकट्याचे नाही, आणि सहकाराची सवय असलेल्या माणसाला ते जड जाऊ नये.

मृगाचा पाऊस पडला की गढूळ पाणी बावीत उतरते, तेव्हा रोजच्या पाण्याला हजार लिटरमागे अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर पुरते. लाइन आतून शेवाळली असेल, पाण्याला वास येत असेल, तर हजार लिटरला दीडशे ग्रॅम पावडर कालवून ते पाणी सगळ्या फाट्यांत रात्रभर भरून ठेवावे. सकाळी टोकाचे नळ उघडून पूर्ण सोडून द्यावे. हे धुण्याचे पाणी जनावरांना पाजायचे नाही. त्या रात्री हौद झाकून ठेवावेत आणि सकाळच्या पाण्याची सोय आधीच वेगळी करावी.

सामानाचे म्हणाल तर दुकान गावात नसते आणि लाइन रात्रीच फुटते. चालू मापाचे चार कपलर, दोन एल्बो, एक टी, एक व्हॉल्व्ह, हातभर पाइपाचे दोन तुकडे, सोल्यूशनची लहान डबी, टेप, वायसर, बॉल कॉकचा एक जादा दांडा आणि रबराची पट्टी, हे सगळे एका जुन्या दहा लिटरच्या दुधाच्या किटलीत मावते. सोल्यूशनची डबी उघडून ठेवली की घट्ट होते, म्हणून दरवर्षी नवी घ्यावी. हॅक्सॉची पाती मात्र दोन ठेवावीत आणि तेलाच्या फडक्यात गुंडाळून. मालवणच्या हवेत त्यांतले एक हमखास गंजलेले निघते.